विजयसिंह जिता झाल्याशिवाय अक्षता नाहीत

बाईच्या मनात काय चाललंय, हे अख्ख्या नांदूरघाटात फक्त मला कळतं! हे मी नाही म्हणत, माझं दुकान म्हणतं. 'सिद्धेश्वर साडी सेंटर'च्या गादीवर बसून माझे केस पांढरे झाले. बाई पायरी चढतानाच मी ओळखतो, ही घेणार, ही नुसत्या घड्या मोडणार, आणि ही शेजारणीला मी साडी केवढ्याला दिली ते विचारायला आलीय. उगाच नाही केजच्या बायका एसटीत बसून माझ्याकडे येत!

माझी युक्ती सांगतो, पण बाहेर फोडू नका. साडीला नाव नसलं तर ते नुसतं कापड. नाव दिलं की ती साडी. आणि नाव द्यावं ते टीव्हीच्या मालिकेतल्या बाईचं. बाकीच्या दुकानदारांना ती बाई काय नेसली हे टीव्हीवर दिसल्यावर कळतं. मग ते सुरतेला फोन लावतात. मला मात्र महिनाभर आधीच कळतं! कारण माझा मेहुणा मृत्युंजय मुंबईत 'माप ओलांडलं सुखाचं' या मालिकेच्या लेखकांत आहे.

आठ वर्षं चाललेली मालिका. नायिका वनमाला, तिचा नवरा विजयसिंह. हा विजयसिंह म्हणजे भरदार मिशा, रुंद छाती, आणि बायकोला स्वतः चहा करून देणारा! आमच्या गावातल्या बायकांचा त्याच्यावर एवढा जीव, की त्याला शिंक आली तरी घरोघर हळदीचं दूध तापायचं. आम्हा नवऱ्यांना सर्दी झाली तर कुणी ढुंकून बघत नसे.

मालिकेचे मुख्य लेखक म्हणजे तात्या. देवमाणूस! आठ वर्षांत त्यांनी मालिकेत एक मुंगी मारली नाही. त्यांच्या हातात गोष्ट होती तोवर दिवाळी सुरू झाली की ती संक्रांतीपर्यंत चालायची. वनमाला चहाचं आधण ठेवायची सोमवारी आणि साखर घालायची गुरुवारी. पण बायकांना तेच आवडायचं, कारण भाकरी थापता थापता बघता येत होतं आणि काही चुकत नव्हतं.

तर माझ्या रुचिकाचं लग्न ठरलं. मुलगा रामेश्वर, अंबाजोगाईचा, भांड्यांचं दुकान, माणसं तालेवार. पोरीला मुलगा मनापासून आवडलेला. त्याचा फोन आला की ती अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बोलायची आणि परत येताना उगाच हसायची. माझी एकुलती एक लेक, ती हसली की मला गल्ल्यावर बसल्या बसल्या भरून यायचं.

रामेश्वरची आई केसरबाई म्हणजे मात्र जबरदस्त काम! त्यांच्या घरात केसरबाई बोलल्याशिवाय घड्याळसुद्धा पुढे सरकत नसावं. साखरपुड्याला त्यांच्याकडच्या अकरा बायकांना मानाच्या साड्या द्यायच्या होत्या. मृत्युंजयने आधीच सांगून ठेवलं होतं, वनमालाच्या लग्नाच्या वाढदिवसाला मोरपंखी साडी, राणी रंगाचे काठ, पदरावर लामणदिवे. मी तशाच अकरा साड्या मागवल्या, आणि दुकानासाठी गठ्ठाच्या गठ्ठा!

ओटी भरताना केसरबाईंनी पदर उलगडला आणि त्यांचे डोळे लकाकले.

"व्याही, ही कंची म्हणायची?"

"वनमाला साडी! आजून टीव्हीवर यायची हाय, विहीणबाई. आदी तुमच्या अंगावर, मंग तिच्या!"

"आगं बया! आमच्यात साखरपुड्याला ओटीत पडलेली साडी वरमाय अक्षतेला नेसत असती. माझी सासू नेसली, मी नेसले. ती साडी माघारी द्येता येत न्हाई, अन् बदलता बी येत न्हाई." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पर व्याही, त्या विजयसिंगाला काय व्हायचं न्हाई ना? काल जेवताना त्याला ठसका लागलता."

आता टीव्हीत नुसता ठसका कधी लागतो का? तो लागला म्हणजे काहीतरी शिजत असतं. पण मी मुलीचा बाप, चारचौघांत उभा, अंगात नवा सदरा. मी छाती पुढे काढली.

"विजयसिंहाच्या केसाला धक्का लागायचा न्हाई! ही माझी जबान! माझा मेहुणाच लिवतोय ती मालिका!"

सगळ्या मांडवाची मान मृत्युंजयकडे वळली. त्याच्या तोंडात पेढा होता. तो कसाबसा म्हणाला, "दाजी, मी काय म्हणतो..."

"तू पेढा खा!" मी म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात वनमालाच्या लग्नाचा वाढदिवस आला. मी दुकानात टीव्ही लावला, वीस-पंचवीस बायका गोळा केल्या, साड्यांचे गठ्ठे समोर मांडले. वनमाला आली. तीच साडी! दुकानात 'अय्या' उठलं. ती घाटाच्या कडेला उभी, नवऱ्याची वाट बघत. पदर वाऱ्यावर. कॅमेरा पदरावर. विजयसिंहची मोटार आली, ब्रेक लागेना, मोटार दरीत! कॅमेरा पुन्हा पदरावर! वनमालाने किंकाळी फोडली, आणि पदर हळूहळू उडत उडत सगळा पडदा झाकून गेला. इतक्या वर्षांच्या धंद्यात एवढी जाहिरात मी कुठल्या साडीची पाहिली नव्हती.

बायका एकेक करून उठल्या. जाताना गठ्ठ्यांना पदराचा स्पर्श होऊ नये म्हणून अंग चोरून गेल्या. एक म्हणाली, "पांढऱ्या पायाची साडी गं बाई!"

तेवढ्यात फोन वाजला. अंबाजोगाईहून केसरबाई. हंबरडाच फोडला त्यांनी!

"व्याही! पोरगं गेलं हो!"

नीलम्मा, म्हणजे आमची सौभाग्यवती, शेजारी उभी होती. तिने माझा चेहरा बघून खुर्ची पकडली.

"कोण? रामेश्वर? काय झालं वो त्याला?"

"रामेश्वर कावून जाईल? तो हितं भाकर खायलाय! विजयसिंग गेला!"

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिथेच चुकलो. केसरबाईंना तो ऐकू गेला.

"हासायलाव व्हय तुमी? जबान दिलती न्हवं? ज्या साडीत त्या पोरीनं नवरा गमावला, ती साडी मी माझ्या लेकाच्या अक्षतेला नेसू? अन् ओटीतली साडी हाय, टाकता बी येत न्हाई! आता ऐका. विजयसिंग जिता झाल्याबिगर मी ती साडी नेसायची न्हाई. अन् ती साडी नेसल्याबिगर अक्षता न्हाईत!"

फोन बंद. नीलम्मा म्हणाली, "आता बसा बोंबलत."

मी लगेच मृत्युंजयला फोन लावला.

"कावून मारलास बे त्याला?"

"दाजी, मी न्हाई मारलं! तात्यांना काढलं. मागचे चार भाग वनमाला नुसता दिवा लावत होती, वात पेटतच नव्हती. वाहिनीवाले वैतागले. नवीन साहेब आलेत, आधी गुन्ह्यांच्या मालिका लिहायचे."

"मंग तू काय करायलतास? तू लिवतोस न्हवं?"

त्याने आवाज बारीक केला. "दाजी, मी फक्त मोलकरणीचं बोलणं लिहितो."

"म्हंजी?"

"'बाईसाहेब, फोन आलाय.' हे माझं. फोनवर कोण मेलंय, ते साहेब लिहितात."

मी कपाळावर हात मारला. रुचिका दारात उभी होती. म्हणाली, "अप्पा, जरा ऐका की. रामेश्वर म्हणत होते..."

"थांब गं! इथं तुझ्याच लग्नाचं चाललंय!" मी म्हणालो.

रात्रभर विचार केला आणि पहाटे डोकं उजळलं. विजयसिंहचं प्रेत सापडलेलंच नव्हतं! मालिका बघणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, ज्याचं प्रेत सापडत नाही तो परत येतो. सकाळच्या पहिल्या गाडीने मी अंबाजोगाई गाठली. केसरबाई दुकानात पातेल्यांच्या चळतीमागे बसल्या होत्या, डोळे रडून सुजलेले.

"शरणार्थ, विहीणबाई," मी हात जोडले. "मढं गावलं का?"

हा प्रश्न व्याह्याने विहिणीला विचारावा असा नाही, कबूल आहे. दुकानातलं एक गिऱ्हाईक घागर तशीच ठेवून बाहेर गेलं. पण केसरबाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"व्हय की वो! मढं तर गावलं न्हाई! मंग ठीक हाय. मढं दिसल्याबिगर मी बी मानायची न्हाई. च्या घ्या."

चहा घेतला, वर शिऱ्याची बशीही आली. परतीच्या गाडीतूनच मी मृत्युंजयला सांगितलं, "तुझ्या साहेबाला आठवण करून दे, मढं गावलेलं न्हाई. म्हंजी त्याला माघारी आणायला रस्ता मोकळा हाय!"

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"केली आठवण, दाजी. साहेबांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, शाबास, राहूनच गेलं होतं ते. उद्या सापडतंय."

आणि सापडलं! अंत्यविधी आठवडाभर चालला. या नव्या साहेबांनी मालिकेचं पार रूपच पालटून टाकलं. तात्यांच्या काळात मसाल्याच्या डब्यात मसाला असायचा, आता सासूच्या मसाल्याच्या डब्यात पिस्तूल निघालं. ज्या स्वयंपाकघरात आठ वर्षं पुरणपोळ्या लाटल्या, तिथे फौजदार खडूने फरशीवर माणसाची आकृती काढू लागला. धाकटा दीर मोबाइलचा चार्जर आणायला माडीवर गेला होता तात्यांच्या राजवटीत, तो तर अजून खाली आलेला नाही! त्याची कुणाला आठवणच नाही. कुत्रं होतं, तेही गेलं. मांजर आलं, कुठून आलं ते देवाला माहीत.

इकडे लग्नाची तारीख जवळ येत होती. पत्रिका छापून पडलेल्या, वाटायची छाती होईना. शेवटी मी माजी सरपंच विठ्ठलरावांकडे गेलो. आमच्याकडे दवाखाना असो, विजेची डीपी असो नाहीतर पोराचा दाखला, विठ्ठलराव मधे पडल्याशिवाय काही हलत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लेखक म्हंजी सरकारी माणूस का?"

"न्हाई, वाहिनीचा हाय."

"काय बी असू द्या. आडवं लागायलाय न्हवं? बदली करू की! आमी आजवर लई बदल्या केल्या, लेखक कोण लागून गेला?"

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "हां, मुंबई का? विठ्ठलराव बोलतोय, नांदूरघाट." पलीकडे कोण होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण विठ्ठलराव उभे राहून बोलले, म्हणजे माणूस मोठा असणार असं मी धरून चाललो.

आणि काय सांगू! पंधरवड्यात मुख्य लेखक बदलला! मृत्युंजयचं म्हणणं, "वनमाला आणि सासू सोडून साहेबांनी घरातली सगळीच माणसं मारली दाजी, आणि त्या दोघी एकमेकींशी बोलेनात. बोलायला उरली नुसती मोलकरीण आणि मांजर. मलाच लिहावं लागत होतं सगळं." पण विठ्ठलरावांना हे कोण सांगणार? चौकात हे भलंमोठं बॅनर लागलं! 'माजी सरपंच विठ्ठलराव यांच्या अथक पाठपुराव्याला यश! सुप्रसिद्ध मालिकेच्या मुख्य लेखकाची बदली!' विठ्ठलरावांचा गॉगल घातलेला फोटो, कानाला मोबाइल. शेजारी विजयसिंहचा फोटो, आणि त्याला कुणीतरी खरोखरीचा झेंडूचा हार घातलेला. येणारेजाणारे दोघांनाही हात जोडून पुढे जात होते. विठ्ठलरावांच्या पुतण्याने अखेर हार काढून टाकला.

मी घरी पेढे आणले. रुचिका म्हणाली, "अप्पा, पेढे असू द्या. माझं एकदा ऐकून तर घ्या. त्यांच्या आईंचं आता..."

"आईंना सांग, काम झालं! बदली झाली!" मी म्हणालो आणि बाकीचे पेढे वाटायला बाहेर पडलो.

साहेबांच्या जागी आल्या एक लेखकबाई. मोठ्या विचाराच्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं म्हणे, "वनमालेला नवऱ्याची गरजच काय?" संपलं! वनमालाने कुंकू पुसलं नाही, पण अश्रू पुसले आणि महिलांचा बचत गट काढला. पिस्तूलवाली सासू एका रात्रीत मवाळ झाली आणि स्कूटर शिकू लागली. मेलेले दोघेतिघे परत आले, कारण बाईंना बचत गटाला माणसं कमी पडत होती. पण विजयसिंह नाही! उलट एके दिवशी वनमालाने कपाट उघडलं, ती मोरपंखी साडी काढली, म्हणाली, "ह्या आठवणींतून आता नवं काही घडवू या," आणि कात्री घेऊन तिच्या भाजीच्या पिशव्या शिवल्या!

माझ्या डोळ्यांदेखत! लामणदिव्यांचा पदर! त्यात तिने कोथिंबीर भरली!

मी तडक विठ्ठलरावांकडे गेलो. ते दातात काडी घालून ओट्यावर बसले होते.

"सिद्धेश्वर, आपुन बदली करून दिली. नवीन माणूस कसा निघंल, ते काय आपल्या हातात असतंय का? सायबाचं बी असंच असतंय. जुना बरा हुता म्हणायची पाळी येती."

त्यानंतर केसरबाईंचा फोन नाही, मीही करायला धजेना. त्यांचं गप्प बसणं मला जास्त भेवडावत होतं. रुचिका मात्र लिंबाखाली फोनवर तासन्‌तास बोलायची. मला वाटायचं, पोर रामेश्वरपुढे रडत असणार. एका संध्याकाळी नीलम्मा देवापुढे बसली आणि पदराने डोळे टिपू लागली. म्हणाली, "तुमच्या बढाईपायी माझ्या पोरीचं लगीन मोडलं, तर मी तुमच्या दुकानाची पायरी चढायची न्हाई." मला खरंच रडू आलं. एका टीव्हीतल्या माणसाच्या मरणापायी माझ्या जितीजागत्या लेकीचा संसार अडून बसला होता, आणि त्याला कारण मी!

अशात मृत्युंजयचा फोन आला. एवढा मोठ्याने ओरडत होता की मी फोन कानापासून लांब धरला.

"दाजी! मी मुख्य लेखक!"

झालं होतं असं, की लेखकबाईंचं वाहिनीशी बिनसलं. त्या गेल्या, जाताना हाताखालचे सगळे लेखक घेऊन गेल्या. मृत्युंजय त्या वेळी डबा खायला खाली गेला होता, म्हणून राहिला! पुढचा मुख्य लेखक यायला आठवडा होता. तोवर मालिका थांबवता येत नाही, तेव्हा वाहिनीवाल्यांनी जो दिसला त्याला खुर्चीवर बसवलं.

"आण त्याला माघारी!" मी किंचाळलो. "हळदीच्या संध्याकाळच्या भागात विजयसिंह जिता पाहिजे!"

"आणतो, दाजी. भाचीसाठी काय पण! फक्त एक अडचण आहे..."

"अडचण-बिडचण काय सांगू नको! तू मुख्य लेखक हायेस न्हवं? आण म्हंजी आण!"

त्याच रात्री पत्रिका वाटायला काढल्या. आणि एवढी मोठी गोष्ट नुसती घरातल्या टीव्हीवर कशाला? मी मांडववाल्या म्हाळूला बोलावलं आणि भलामोठा पडदा सांगितला, निवडणुकीच्या सभेला लावतात तसला. वऱ्हाड उतरलं की सगळ्यांना पहिल्या रांगेत बसवायचं, विजयसिंह केसरबाईंच्या डोळ्यांसमोर चालत यायचा, आणि मी शेजारी हात बांधून विनयाने उभा! हे सगळं मी मनात इतक्या वेळा पाहिलं होतं की मला त्याच्यातलं पार्श्वसंगीतसुद्धा ऐकू येत होतं.

हळदीच्या संध्याकाळी वऱ्हाड आलं. बँड वाजत होता. केसरबाई गाडीतून उतरल्या, साधी निळी साडी, चेहरा मात्र प्रसन्न. पडद्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या, बँडमुळे कळलं नाही, मी हात जोडून नुसतं हसलो. त्यांच्या दहा जणी मागोमाग. सगळ्यांना पुढे बसवलं. मागे अख्खं गाव, विठ्ठलराव सोफ्यावर.

साडेसात वाजले. मालिका सुरू झाली. दवाखान्यातल्या खाटेवर एक माणूस, तोंडाला पट्ट्याच पट्ट्या. डॉक्टर म्हणाले, "चमत्कार! दरीत सापडलेला तो दुसराच होता. हेच विजयसिंह!" मांडवात टाळ्या! कुणीतरी शिट्टी मारली! विठ्ठलराव अर्धे उठून हात जोडून खाली बसले.

आता नर्स पट्टी सोडू लागली. एक फेर. जाहिराती. दुसरा फेर. वनमाला आठवणीत हरवली. जाहिराती. मृत्युंजय शेवटी तात्यांचाच चेला! अर्धा तास नुसती पट्टी सुटत होती. मी केसरबाईंकडे बघत होतो. त्या एकसारख्या हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या. उत्सुकता, दुसरं काय! अखेर शेवटचा फेर सुटला, संगीत वाजलं, कॅमेरा जवळ गेला.

मिशा नव्हत्या. छाती नव्हती. भलताच माणूस!

डॉक्टर म्हणाले, "शस्त्रक्रियेमुळे यांचा चेहरा बदललाय."

मग मागून सुग्रीव हलवाई ओरडला, "ह्यो कोण बे?" आणि हशाचा स्फोट झाला! तीच ती मृत्युंजयची अडचण. मृत्युंजय मांडवाच्या खांबामागे लपला होता, मी त्याला शोधायला वळलो, तर केसरबाई उठून उभ्या राहिल्या.

हसणं थांबलं. नीलम्माने माझं मनगट घट्ट धरलं. लग्न गेलं, इज्जत गेली, लेक घरात राहिली, असं सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

"व्याही," केसरबाई म्हणाल्या, "ह्यो माणूस कोण हाय?"

"विहीणबाई... विजयसिंहच म्हणायचं... जिता झालाय..."

"जिता झालाय म्हंजी? तो मेलता कवा?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं.

"आवो, विजयसिंग मेला न्हाई, त्यानं चॅनल बदललंय! रामेश्वरनं अन् तुमच्या रुचिकानं मोबाइलवर दावलं मला, दीड महिना झाला. तिकडं पगार जास्त दिला म्हणून हे सोडून गेला तो. आता फौजदार झालाय, रोज आठला येतो. मिशा त्याच, बायकोला च्या बी करून देतो! म्या तवाच साडीच्या निऱ्या करून ठिवल्या. आता वेळ झाली बगा, बदला ते चॅनल!"

म्हाळूने चॅनल बदललं. पडद्यावर खाकी कपड्यांत विजयसिंह! धडधाकट! बायकोपुढे चहाचा कप धरून उभा! अकरा जणींनी एका सुरात 'आला गं बाई' म्हणून सुस्कारा सोडला. रुचिका हळदीच्या अंगाने येऊन सासूजवळ टेकली, आणि केसरबाईंनी टीव्हीवरची नजर न काढता तिला कुशीत ओढून घेतलं.

मी रुचिकाजवळ वाकून कुजबुजलो, "मला कावून सांगितलं न्हाईस गं?"

"किती वेळा सांगायला आले, अप्पा! तुमी मला कधी बोलू दिलाव?"

मी कान पकडले.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. अकरा मोरपंखी साड्या ओळीने उभ्या, पदरावरचे लामणदिवे उन्हात चमकत होते, आणि माझी लेक अशी हसत होती की मला समोरचं काही दिसेना. मृत्युंजयला त्या पट्टीपायी मालिकेतून काढल्याचा फोन मंगलाष्टकं चालू असतानाच आला, पण तोही नंतर वऱ्हाडाला जिलब्या वाढत होता. सगळं निर्विघ्न पार पडलं.

पाठवणीच्या वेळी मी डोळे पुसत गाडीजवळ उभा होतो. केसरबाईंनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, लेकीबद्दल दोन धीराचे शब्द सांगणार.

"व्याही, एक काम करा. त्या आठच्या मालिकेचा लेखक कोण हाय, तेवढी वळख काढून ठिवा. कालच्याला त्या फौजदाराला ठसका लागलता."

मी म्हणालो, "काळजीच करू नका, विहीणबाई!"

आणि मग जीभ चावली.